पाण्याचा घोट

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आज खिडकीतल्या वाडग्यातून एक चिमणी पाणी पीत होती. प्रत्येक घोटाला ती मान वर करत होती, किती सहज.

माझा चुलतभाऊ बापू आंबे उतरवताना झाडावरून पडला, तेव्हा त्याची बोटं हलत होती. पडलेल्याला आधी पाणी पाजायचं, एवढंच आम्हाला माहीत. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला बसवलं. त्याची मान कलली आणि बोटं थांबली.

ऑपरेशन करून मानेच्या मोडक्या मणक्याला धातूची पट्टी बसवली. डॉक्टरांनी विचारलं, "यांना उठवून कोणी बसवलं? मज्जारज्जू त्यानं आणखी दबला." मी म्हणालो, "ठाऊक नाही." बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही होतात म्हणून जीव तरी वाचला."

पुढे कित्येक वर्षं बापू खाटेवरच होता. मी गेलो की हसायचा. "पाणी तूच पाज रे. हिच्या हातचं निम्मं उशीच पिते."

'बापू, तुला मीच बसवलं होतं, मला माफ कर,' एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालतानाही मी म्हणालो, "सावकाश पी."