पंख्यातल्या अक्षता

आश्विनाच्या मध्यावर दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतचे सप्तपर्णी फुलतात, आणि पुढचे पंधरा-वीस दिवस तो गोडसर, जड, डोकं धरून ठेवणारा वास दारंखिडक्या लावल्या तरी घरात शिरत राहतो. लोकांना तो आवडतो. थंडीची वर्दी वगैरे म्हणत माणसं संध्याकाळी त्या झाडांखाली रेंगाळतात. मला यंदा त्या वासाचा संताप आला. खरं सांगायचं तर यंदाच्या आश्विनात मला कशाचा संताप आला नाही, हे सांगणं अधिक सोपं जाईल. सकाळी दहाच्या सुमाराला आतल्या खोलीतून माझ्या पत्नीच्या, वसुधाच्या, संथ वाचनाचा आवाज येई, त्याच्यामागून तिच्या लॅपटॉपची घरघर सुरू होई, आणि दहा-बारा मिनिटांत ती शिगेला पोचून सगळं एकदम गप्प होई. त्या शांततेत सप्तपर्णीचा वास तेवढा उरे. मग मी ओरडायला सुरुवात करी.

वसुधा गेल्या वर्षापासून सविता नावाच्या मुलीसाठी पुस्तकं वाचते. सविता हिंगोलीकडची, जन्मापासून दृष्टी नसलेली, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीत येऊन वसतिगृहात राहणारी. मराठी माध्यम घेतलेल्या तिला हवी ती पुस्तकं ऐकायला मिळत नाहीत, आणि संगणकाकडून वाचून घ्यावीत तर तो मराठी शब्दांची हाडं मोडतो. राज्यघटना त्याच्या तोंडून ऐकली की कुणी धमकी देतंय असं वाटतं, असं ती एकदा हसत म्हणाली होती. म्हणून वसुधा रोज एक प्रकरण वाचून, ध्वनिमुद्रित करून तिला पाठवते. छापील अक्षर आता वसुधाच्या डोळ्यांना बारीक पडतं, त्यामुळे पानं पडद्यावर मोठी करून घ्यायची आणि लॅपटॉपलाच जोडलेल्या माइकसमोर बसून वाचायचं, अशी तिची रीत. विमानतळ जवळ असल्यामुळे आमच्या डोक्यावरून सतत विमानं जातात. विमान आलं की ती वाक्याच्या मध्येच थांबते, ते दूर जाऊन विरेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसते, आणि तेच वाक्य पहिल्यापासून, त्याच स्वरात पुन्हा सुरू करते. त्या थांबण्यात कुरकूर नसते. मला हे जमलं नसतं. मी विमानावरही ओरडलो असतो.

माझा हा स्वभाव मी कधी लपवलेला नाही. फरीदाबादच्या एका कारखान्यात तीस वर्षं मी कॉम्प्रेसर दुरुस्त केले, आणि तिथली मराठी माणसं मला पाठीमागे जमदग्नी म्हणत, हे मला ठाऊक होतं. मला त्याचा थोडा अभिमानही होता. कारण माझा राग जेवढा प्रसिद्ध होता तेवढाच माझा कानही. यंत्राच्या अंगावर लाकडी दांडा टेकवून त्याचं दुसरं टोक कानाला लावलं की आतलं कोणतं बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे, हे मी डोळे मिटून सांगत असे. माणसं सतरा कारणं सांगतात, यंत्र एकच सांगतं आणि ते खरं असतं, ही माझी श्रद्धा. तिच्यापोटीच दरवर्षी खंडेनवमीला मी माझी सगळी अवजारं पुसून, तेल देऊन चौरंगावर मांडतो आणि त्यांची पूजा करतो. पाने, मापं घ्यायचा व्हर्नियर, तो जुना लाकडी दांडा. निवृत्तीनंतर द्वारकेला आलो तरी त्यात खंड पडला नाही, आणि यंदा प्रथमच वसुधाचा लॅपटॉपही मी त्या चौरंगावर ठेवला, कारण आता घरात खऱ्या अर्थानं काम करणारं तेवढंच एक यंत्र उरलं होतं.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि त्या यंत्राची घरघर सुरू झाली. आधी बारीक, मग कर्कश. दहा मिनिटांत बूड हाताला चटका देण्याइतकं तापे आणि पडदा काळा होई. तोवर वाचलेलं सगळं पाण्यात. सविताची परीक्षा तोंडावर आली होती, राज्यव्यवस्थेची अजून सात प्रकरणं व्हायची होती, आणि वसुधा आठ मिनिटं वाचायची, ध्वनिमुद्रण बंद करायची, अर्धा तास लॅपटॉप निवू द्यायची, पुन्हा आठ मिनिटं वाचायची. एका दिवसाचं प्रकरण तीन दिवस खाऊ लागलं. वेळ पुरणार नाही, हे ती बोलत नव्हती. पण जेवताना तिचे ओठ हलत, ती मनात दिवस मोजत असे.

मी माझ्या पद्धतीनं दोष शोधायला लागलो. दुसरा चार्जर लावून पाहिला. दुसऱ्या खोलीतलं सॉकेट पाहिलं. सगळं काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. बुडाखाली दोन पट्ट्या सरकवून तो उंच केला, बाजूला टेबलफॅन ठेवला. घरघर थांबली नाही. मग दांडा टेकवून ऐकलं आणि निकाल दिला की पंख्याचं बेअरिंग गेलं. ते का गेलं, याचाही निकाल माझ्यापाशी तयार होता. वसुधा कधी कधी तो लॅपटॉप गादीवर घेऊन बसते, गादी त्याच्या बुडाच्या जाळ्या बुजवते, हवा कोंडते, पंखा ऊर फुटेपर्यंत पळतो; दुसरं कारण असूच शकत नव्हतं. हे मी तिला एकदा सांगून थांबलो असतो तरी चाललं असतं. मी ते रोज सांगितलं, ती वाचत असताना सांगितलं, घरघर सुरू झाली रे झाली की बाहेरच्या खोलीतून सांगितलं.

बाजारातल्या दुकानात गेलो तेव्हा रागाला आणखी एक घर मिळालं. काउंटरमागच्या गृहस्थानं लॅपटॉप उघडला नाही, चालू केला नाही, कान तर लावलाच नाही. मोबाइलवरून नजर न उचलता तो म्हणाला, “मदरबोर्ड है अंकल. नया ले लो.” मी त्याला विचारलं की रोग्याची नाडी न पाहता मरणाचा दाखला देणारा हा कोणता वैद्य. ते मी मराठीत विचारलं, कारण रागात माझी हिंदी मला सोडून जाते, आणि त्याला काही कळलं नाही, त्यामुळे मी अधिकच पेटलो. वापरायचं, फेकायचं, नवं आणायचं; एका स्क्रूला हात न लावता अख्खं यंत्र मेलं म्हणून सांगायचं; या सगळ्या काळाचाच मला वीट आला. घरी येईपर्यंत तो राग ओसरला नाही, आणि घरी तो झेलायला वसुधा होती.

त्याच दुपारी सविताचा आवाजी निरोप आला. वसुधानं तो मोठ्यानं लावला, कारण सविता बोलते गोड आणि ऐकायला दोघांनाही आवडतं. प्रकरण मिळाल्याचं सांगून झाल्यावर ती जराशी अडखळली. “काकू, एक विचारू का? तुम्ही वाचता तेव्हा मागे कुणी तांदूळ निवडत बसतं का? सुपात दाणे उडाल्यासारखं ऐकू येतं.”

वसुधानं माझ्याकडे पाहिलं. मी मात्र भडकलो. तीस वर्षं ज्या कानावर कारखाना चालला, त्याला आता हिंगोलीची पोर तांदूळ शिकवणार! बेअरिंगचा आवाज आहे तो, कळव तिला, असं मी वसुधाला बजावलं. तिनं कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतल्या टेबलावर जुना पंचा अंथरून, घड्याळजींचे असतात तसले बारके स्क्रूड्रायव्हर घेऊन मी तो लॅपटॉप स्वतः उघडायला बसलो. ऊन तिरपं आणि पिवळं होतं, दूर कुठे धुरकट. दहा स्क्रू मी काढले तसे एका ताटलीत गोलाकार मांडले, म्हणजे ज्याचा त्याला परत बसवता येईल. बुडाचं झाकण निघालं. पंखा रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, काळा, नाजूक पात्यांचा. बोटानं फिरवून पाहिला. बेअरिंग ठणठणीत होतं. पण पाती फिरताना कशाला तरी घासत होती, म्हणून चिमट्यानं आत चाचपलं, आणि चिमट्याच्या टोकाला कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा आला. मग दुसरा. मग अर्धा. त्यांच्याभोवती धुळीची लोकर गुंडाळली होती आणि हवा जायची वाट तिनं पार लिंपून टाकली होती.

कारखान्यातल्या आमच्या जुन्या फोरमननी शिकवलं होतं की कॉम्प्रेसरला गंध लावायचं ते त्याच्या कपाळाला नाही, जिथून तो हवा ओढतो त्या तोंडाशी, कारण यंत्राचा जीव तिथे. इतर लोक लॅपटॉपच्या झाकणाला कुंकू लावून मोकळे होतात; मी जाणकार, म्हणून मी तो खंडेनवमीला पालथा ठेवला, श्वासाची जाळी शोधून काढली, आणि नेमक्या तिच्यावर अक्षता वाहिल्या. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी गाळणी असते, याच्या तोंडाशी नसते, एवढी गोष्ट जमदग्नीच्या ध्यानात आली नाही. बासमती असता तर कदाचित वरच अडकला असता. पण पूजेला आमच्याकडे गावाहून आणलेला आंबेमोहोर असतो, आणि तो बारीक दाणा अलगद आत उतरला. दिल्लीत इतकी घरं, इतके लॅपटॉप. पण असा जीव घेणारी भक्ती या शहरात माझ्याखेरीज कुणी केली नसेल. मला स्वतःची इतकी चीड आली की हातातला चिमटा मी ताटलीत आपटला आणि स्क्रूंचं ते सुरेख वर्तुळ विस्कटून गेलं.

वसुधा चहा घेऊन आली. ताटलीतले दाणे पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही, हे मला आधी दिसलं, आणि त्यानंच मी पुन्हा उसळलो. तुला ठाऊक होतं का, असं विचारलं. तिनं चहा ठेवला, खुर्ची ओढून बसली.

“खंडेनवमीलाच दोन दाणे आत पडल्याचं ऐकलं होतं मी,” ती म्हणाली. “तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही डोळे मिटून हात जोडले होते. वर्षात तेवढी दोन मिनिटं तुम्ही कुणावर चिडलेले नसता. मोडवेना माझ्याच्यानं.”

आणि नंतर? नंतर, ती म्हणाली, सांगायला जागाच कुठे होती.

मी धूळ झटकली, जाळी ब्रशनं साफ केली, स्क्रू एकेक पारखून बसवले. लॅपटॉप चालू केला तेव्हा पंख्याचा आवाज पान सळसळावं इतकाच आला. वसुधानं त्यावर त्या दिवसाचं प्रकरण वाचून पाठवलं; तासभर चालला, तापला नाही. कारखान्यात दुरुस्तीनंतर आधीचा आणि नंतरचा आवाज ताडून पाहायची आमची शिस्त होती, त्या सवयीनं मी वसुधाकडे बिघाडाच्या दिवसांतलं एखादं ध्वनिमुद्रण मागितलं. ती क्षणभर घुटमळली, मग तिनं राज्यपालांच्या अधिकारांचं प्रकरण लावून दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी कानांवर हेडफोन चढवले.

वसुधा वाचत होती. तिच्यामागे तांदूळ निवडल्याचा आवाज येत होता. अगदी तोच, सुपातले दाणे, पोरीनं अचूक सांगितलं होतं. मग त्याच्यामागून कुणी माणूस ओरडू लागला. कोण हा शेजारी, असं माझ्या मनात येऊन गेलं, इतका तो आवाज मला परका वाटला. शब्द ऐकू आले तेव्हा ओळखलं. तुझ्या हातात यंत्र म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं तो म्हणत होता, आणि पुष्कळ वेळ म्हणत होता. वसुधा वाक्याच्या मध्ये थांबली होती. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तो आवाज दूर जाऊन विरेपर्यंत ती थांबली, आणि मग राज्यपालांविषयीचं तेच वाक्य पहिल्यापासून, त्याच स्वरात, तिनं पुन्हा सुरू केलं. तिच्या लेखी मी आणि विमान यांत काही फरक उरला नव्हता. मी आणखी दोन प्रकरणं ऐकली. त्या दोन्हींत मी होतो.

तांदळाचं सवितानं विचारलं होतं. माझं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मी वसुधाला म्हणालो की ती तिन्ही प्रकरणं पुन्हा वाच, नवी पाठव, जुनी तिला पुसून टाकायला सांग. एवढं वाक्य मी हळू आवाजात बोललो असेन, कारण तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिनं सविताला फोन लावला. माझ्यादेखत लावला.

“नको काकू, उगीच तुमचा वेळ जाईल,” सविता म्हणाली. “ती माझी पाठ झालीत. आजचा आवाज एकदम स्वच्छ आला. काकांना थँक्यू सांगा.”

उरलेली प्रकरणं वेळेत झाली. सकाळी दहा वाजले की आता मी बाल्कनीत येऊन बसतो, मागचं दार ओढून घेतो. सप्तपर्णीचा बहर संपत आला आहे, खाली गाड्यांच्या टपांवर हिरवट पांढरा सडा पडतो. राग गेला आहे असं म्हणणार नाही. तो कुठे जाणार? पण बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यातून जात नाही. परीक्षेच्या दिवशी सविता तिच्या लेखनिकाला राज्यपालांचे अधिकार घडाघडा सांगत असेल, तेव्हा कुठल्याशा वाक्याच्या मध्ये ती अडेल का, आणि काय झालं म्हणून तो मुलगा मान वर करील तेव्हा, हात मांडीवर ठेवून, क्षणभर थांबेल का, माझा आवाज विरेपर्यंत.