आत्यानं निवडलेला कॅमशाफ्ट

माझ्या आत्याएवढं डिझेल इंजिनावर प्रेम उभ्या बालाघाट जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केलं नसेल. यजमान वारले तेव्हा मागे एक जुना ट्रक राहिला. नातेवाईक म्हणाले, विकून टाक. आत्यानं पदर खोचला आणि ड्रायव्हरशेजारची जागा धरली ती धरलीच. जाताना तांदूळ-मीठ भरून बैहरचा घाट चढायचा, येताना बांबू आणायचे. मला खोकला झाला तर ती म्हणे, "तुहा व्हॉल्व्ह नीट बसून नाही राह्यला." शेजारच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना बाहेरून एक ट्रक खडखडत गेला. आत्या अक्षता मुठीत घेऊनच धावली, त्याला थांबवून "टॅपेट काहून ढिले ठेवले रे?" म्हणून झापलं, आणि परत आली तोवर नवरा-नवरी जेवायला बसली होती. तिनं अक्षता त्यांच्या पानावरच टाकल्या.

पुढे ट्रकचा कॅमशाफ्ट झिजला. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा हा दांडा. त्यावरचे उंचवटे जसे, तसा इंजिनाचा श्वास. नागपूरच्या दुकानात दोन मिळत होते. एकाचे उंचवटे मोठे, तो सपाटीवर पळणारा. दुसऱ्याचे बेताचे, तो हळू पण ओढणारा. आत्याचं मन दुसऱ्यावर होतं. पण ड्रायव्हर गेंदलालला साऱ्या गाड्या मागे टाकायच्या होत्या. "बाई, एक डाव रफ्तार तर पाहा!" तो इतका गयावया करू लागला की आत्या विरघळली. येताना गोंदियाहून छोट्या लाईनच्या रेल्वेत तिनं तो पळणारा दांडा दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतला. समोरच्या बाईनं विचारलं, "लेकरू रडत कसं नाही हो?"

"लोखंडाचं हाय," आत्या म्हणाली.

लालबर्र्याच्या सपाट रस्त्यावर ट्रक असा सुटला की गेंदलाल गाऊ लागला. आत्यासुद्धा हसत होती, मी पाहिलं. मी त्या दोघांच्या मध्ये बसलो होतो. दुसऱ्या दिवशी माल भरून घाटाला लागलो आणि दुसऱ्याच वळणावर इंजिनाचा दम सुटला. ट्रक थांबला तो नेमका आडवा. मागे बस अडकली. उतारू खाली उतरून गेंदलालला नाही नाही ते बोलू लागले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आत्या उतरली, आधी चाकाखाली दगड लावला, मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्याले कोणी बोलू नका. शाफ्ट म्या निवडला. काय म्हणायचं ते मले म्हणा."

ट्रक हलका करायला बसचे लोकच पोती उतरवू लागले. वर पोचल्यावर गेंदलाल हळूच म्हणाला, "बाई, उद्यापासून मी येत नाही."

"काहून? नव्या शाफ्टले ड्रायव्हर नको का?"

आठवड्याभरात आत्यानं तो ओढणारा दांडा आणला, सोबत व्हॉल्व्हच्या नव्या स्प्रिंगाही. मग ट्रक घाट चढू लागला, बैलासारखा, मान खाली घालून. सायकलवाले पुढे जायचे. गेंदलाल त्यांना हसून वाट द्यायचा.

आत्याचे गुडघे गेले तेव्हा ट्रक विकावा लागला. नव्या मालकाकडे गेंदलालच ड्रायव्हर राहिला. आमच्या घरावरून जाताना तो ट्रक थांबवायचा, पण इंजिन बंद करायचा नाही. आत्या ओट्यावर बसून डोळे मिटून ऐकायची. थोड्या वेळानं ती हात हलवायची, "हौ, जाय आता," आणि गेंदलाल हलकेच गिअर टाकायचा.