वाचल्याचा अंगठा

पाणी सोडणारे मामा साऱ्या गावाचेच मामा. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी. ती खड्ड्यातल्या व्हॉल्व्हला लावायची आणि सव्वीस फेरे फिरवायचे. घाई केली की दाबानं पाइप फुटतो, म्हणून मामा एकेका फेऱ्याला एकेक श्वास देत. वरच्या वस्तीला सहाला, खालच्या वस्तीला सातला. तीस वर्षं लोकांनी त्यांच्या पावलांवर घड्याळं लावली.

मोबाइल आला तेव्हा पाणीपुरवठा ऑफिसातल्या साहेबांनी कामाच्या ग्रुपवर शिस्त लावली: सूचना वाचली की अंगठा द्यायचा. मामांच्या मनात अंगठ्याचा अर्थ तेवढाच बसला. साडूची आई गेल्याचा निरोप आला, त्यालाही त्यांनी अंगठा दिला. साडू वर्षभर बोलला नाही. मामी म्हणाल्या, "तो अंगठा डब्यात घालून ठेवा, सणासुदीलाच काढा."

मग निवडणूक आली आणि दोन वस्त्यांची तोंडं दोन दिशांना फिरली. वरच्या वस्तीत राहणाऱ्या मामांच्या पुतण्यानं फेसबुकवर लिहिलं, 'त्यांना मतं देणाऱ्या खालच्यांचं पाणीच तोडा.' मामांनी वाचलं. अंगठा दिला.

दुपारपर्यंत त्या अंगठ्याचा फोटो खालच्या वस्तीत घरोघर पोचला होता.

साहेबांनी बोलावून घेतलं. "मामा, पाणी सोडणाऱ्यानंच पाणी तोडा म्हणायचं?"

"म्हटलं नाही, साहेब. वाचलं."

"मला कळतं. पण वरून चौकशी लागली तर तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही."

मामांनी बाहेर येऊन अंगठा काढून टाकला. तासाभरात पुतण्या दारात उभा. "काका, तिकडचे झालात होय?"

"मी कुठलाच नाही रे."

"असं आता चालत नाही. जरा सांभाळून राहा."

पुतण्या हे मायेनं बोलला की कसं, ते मामांना कळेना.

दुसऱ्या दिवशी सातला खालच्या वस्तीत दारोदारी हंडे मांडलेले. व्हॉल्व्हजवळच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "सोडताय ना? की वर विचारून यायचंय?"

चावी बसेना, दोनदा खणकन वाजली.

"नाटक बघा," मागून कुणीतरी म्हणालं.

चावी बसली. पहिल्या फेऱ्याला एका बाईनं मोजलं, "एक." मग साऱ्यांनीच. मामांना पळत सुटावंसं वाटत होतं आणि हात मात्र हळूच फिरवायचा होता. आज पाइप फुटला, तर तो आपोआप फुटला हे जगात कुणालाही पटणार नव्हतं. अंगातून घाम वाहत होता, तरी त्यांनी प्रत्येक फेऱ्याला श्वास दिला. सव्वीसला नळ खोकले आणि पाणी आलं.

मावशींनी हंडा लावला. "उद्यापण मोजणार आम्ही."

खिशात मोबाइल वाजला. साहेबांचा निरोप होता: 'सोमवारी चौकशी. हजर राहावे.'

मामांचा अंगठा काचेजवळ गेला आणि तिथंच थांबला. मोबाइल खिशात टाकून, चावी खांद्यावर घेऊन ते ऑफिसकडे चालू लागले. वाचलं, एवढं तोंडानं सांगायला. वाट वरच्या वस्तीतून जात होती, आणि कोपऱ्यावर पुतण्याबरोबर चारजण उभे होते.