गरम गाडगं

अंगणात नातीनं मोहाची फुलं वाळत टाकलीत. त्या वासानं निजामाच्या राज्यातली, कपिलधारच्या वाटेवरची दारूची भट्टी आठवली.

मालकांचा दहावा होता. कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा दीर म्हणाले, "वैनी, दादाला त्याची दारू पाहिजे." भट्टी मला ठाऊक होती, त्यांना शोधत कितीदा तिथं गेलते. त्यांचंच गाडगं घेऊन निघाले.

"आज मालक कावून न्हाई आले?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"दहावा हाय त्यांचा."

त्यानं नळीखाली गाडगं धरून भरून दिलं. गरम गाडग्यानं हात पोळले होते, ते मला घाटावर पोचल्यावर दिसलं.

पिंडावर दारू ओतली नि कावळा शिवला. बाया रडू लागल्या. रोज ते झोपल्यावर विसळायची, तसंच मी रिकामं गाडगं विसळून पालथं घातलं.