उघड्या ड्रॉवरवर बसलेल्या नलूताई

ये गं मंजू, अशी जवळ बस. आधी चार बोल ऐकून घे. आईच्या तेराव्याला आलीस, लगेच पुण्याला पळालीस आणि परवा फोनवर म्हणतेस, "काकू, गॅरेज रिकामं करायचंय, आईचं ते लोखंडी कपाट भंगारात देऊन टाका." भंगारात! मी फोनच ठेवून दिला. म्हणून इथे पेपरच्या पुरवणीत लिहितेय... चारचौघांसमोर तरी ऐकशील.

तुझी आई, नलूताई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. भावजी गेल्यावर टी. टी. नगरचं गॅरेज त्यांनीच चालवायला घेतलं, तू तेव्हा शाळेत होतीस. हत्यारांचं जुनं कपाट पत्र्याचं, हलकं. एकदा सलीम मिस्त्रीने घाईत सगळे ड्रॉवर एकदम ओढले आणि अख्खं कपाट त्याच्यावर आलं... पाय थोडक्यात वाचला.

मग ताई मला घेऊन गोविंदपुऱ्यातल्या एका लोखंडी कपाटांच्या कारखान्यात गेल्या. मी आपली म्हटलं, लाल छान दिसेल. "रंगाचं काय घेऊन बसलीस? लिपस्टिक कोणीही लावतं," म्हणाल्या. डोळे मिटून ड्रॉवरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, कुठे धार लागतेय का. मागे जाऊन वेल्डिंग पाहिलं. एक ड्रॉवर उघडा ठेवून दुसरा ओढला, तर तो हलेना. एका वेळी एकच ड्रॉवर उघडावा म्हणून आत तशी अडकणच होती. तरी समाधान नाही! गुडघ्याजवळचा ड्रॉवर पान्यांनी भरायला लावला, पूर्ण बाहेर ओढला आणि पदर खोचून चक्क त्यावर बसल्या.

मालक ओरडला, "अरे माताजी, गिर जाओगी!"

"मैं गिरी तो तेरा कपाट फेल," ताई म्हणाल्या आणि वर मजेत पाय हलवायला लागल्या.

कपाट तसूभर कललं नाही. हळदीकुंकवाला खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसणारी ही बाई! मी तोंडात बोट घालून बघतच राहिले, अजूनही बघतेच आहे... सलीमला पुन्हा कधी खरचटलंसुद्धा नाही.

काल गॅरेज उघडलं. तोच ड्रॉवर ओढला. पाने आपापल्या जागी, तेलाचा तोच वास. बोटाने जरा ढकललं, तर इतक्या वर्षांनीही तो अलगद आत गेला, आवाज नाही की काही नाही.

भंगारवाल्याला मी परत पाठवलंय. तू ये, पदर नसेल तर ओढणी खोच, त्या ड्रॉवरवर बस आणि बसल्याबसल्या मला सांग, देऊ का भंगारात? अंगाने भरलीयस म्हणे, तरी पडायची नाहीस. किल्ली माझ्याकडेच आहे... ये लवकर.