राखाडी रंगाची सायकल

नाव: नगरकर विश्वनाथ मोरेश्वर. राष्ट्रीयत्व: भारतीय. वास्तव्य: फुनाबोरी, एदोगावा, तोक्यो. हुद्दा: संगणक तंत्रज्ञ (उपकंत्राटी). वर्तणूक: समाधानकारक. अपघात: एक, सायकलवरून, खासगी वेळेत. युद्धाशी संबंध: नाही.

कंपनीच्या दप्तरात विश्वनाथ एवढाच आहे. खोडाखोड कुठेही नाही.

२००४ साली पुण्याच्या कंपनीने त्याला एका जपानी कंपनीला दिलं, तिने दुसरीला, आणि दुसरीने कुसानो-सान नावाच्या वृद्ध गृहस्थांच्या छोट्या फर्मला. कन्यादानसुद्धा एकदाच करतात. कुसानो-सानांची फर्म तोक्योच्या दक्षिणेकडच्या एका बंदरात अमेरिकन आरमाराच्या जहाजांच्या दुरुस्तीची कामं घेई. जहाज आखातातून यायचं, दुरुस्त व्हायचं आणि पुन्हा युद्धावर जायचं. उतरवलेल्या प्रत्येक सुट्या भागाला चिकटपट्टी लावायची, हातातल्या यंत्राने ती वाचायची, की भाग कुठे आहे ते संगणकाला कळे. ही व्यवस्था विश्वनाथने बसवली होती. त्याची जागा धक्क्यावरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये.

“म्हणजे युद्धावर आहेस का तू?” मेधाने, त्याच्या बायकोने, विचारलं होतं.

“नाही गं. बारकोडवर आहे.”

धक्क्यावर एक मोठा फलक होता. शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले तो आकडा रोज सकाळी एकाने वाढवत. मग सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, फलकाकडे बोट रोखायचं आणि ओरडायचं, “शून्य अपघात, योशी!” योशी म्हणजे सगळं ठीक. विश्वनाथही ओरडे. हे जहाज अपघाताविना पूर्ण झालं तर अ‍ॅडमिरलच्या हस्ते कुसानो-सानांचा सत्कार व्हायचा होता आणि पुढची जहाजंही त्यांनाच मिळायची होती.

जेवणाच्या सुट्टीत डिलेनी गोष्टी सांगे. हा जहाजाच्या इंजिनखोलीवरचा अमेरिकन चीफ. त्याच्या गोष्टीत कोणीतरी आगीत शिरून झडप बंद करायचा, कोणीतरी भाजल्या हातांनी दोघांना ओढून आणायचा, आणि शेवटी एखादा सिनेटर येऊन पदक लावायचा. विश्वनाथ डबा बाजूला ठेवून ऐके. नगरकरांच्या घराण्यात शौर्याचा शेवटचा प्रसंग म्हणजे आजोबांनी हाउसिंग सोसायटीच्या सभेत हिशेबनिसाला विचारलेला प्रश्न.

जहाज निघायच्या आठवड्यात यंत्राला तेलकट पट्ट्या वाचता येईनात. नियमाप्रमाणे गोदीतल्या कामगारांनी भाग पुसून वर आणायचा आणि विश्वनाथने केबिनमध्ये बसायचं. पण डिलेनीच्या गोष्टीत केबिनमध्ये कोणी बसत नसे.

“मीच बघतो खाली जाऊन,” विश्वनाथ म्हणाला.

इंजिनखोलीत उतरायच्या भोकावरचं पोलादी झाकण उभं करून दोरीने बांधलं होतं. दोरी सुटली तेव्हा त्याचा उजवा हात काठावर होता. डिलेनीच्या गोष्टीत अशा वेळी माणूस लक्षात राहण्यासारखं काहीतरी बोलतो. विश्वनाथ “आई गं” म्हणाला.

अँब्युलन्स बोलावली नाही. ती आली की मागोमाग कामगार खात्याचा निरीक्षक येतो आणि फलक शून्यावर जातो. कुसानो-सानांनी त्याला फर्मच्या व्हॅनमध्ये घातलं आणि बंदरातलं इस्पितळ ओलांडून थेट एदोगावातलं गाठलं. फुनाबोरीत राहणारा माणूस फुनाबोरीतच सायकलवरून पडायला हवा. हे त्यांनी वाटेत, मान खाली घालून, फार अदबीने सांगितलं.

मग पुण्याच्या कंपनीचा तोक्योतला मॅनेजर प्रताप याचा फोन आला.

“विशू, भाऊ म्हणून सांगतो. सायकल म्हण आणि मोकळा हो. पुढच्या महिन्यात तुझा व्हिसा रिन्यू व्हायचाय.”

“मला सायकल येत नाही रे.”

“पुण्याचा ना तू?”

“स्कूटरवर वाढलो.”

“मग तर पडलास हे आणखी पटेल.”

डॉक्टर तरुण होता. जखमेतून त्याने ग्रीस पुसलं, चिमट्याने रंगाच्या खपल्या काढून ताटलीत ठेवल्या. जहाजाला देतात तो राखाडी रंग.

“सायकल कोणत्या रंगाची होती, नगरकर-सान?”

“राखाडी,” विश्वनाथ म्हणाला.

डॉक्टरने ताटलीकडे पाहिलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या मेधाकडे, आणि तसं लिहून घेतलं.

मेधा बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या, कारखान्यात अर्धवेळ डबे भरायची. तिथल्या बायकांना कायदा तोंडपाठ होता, कारण प्रत्येकीचा नवरा किंवा भाऊ कशावरून तरी पडला होता. दुसऱ्या दिवशी खाटेशी बसून तिने तो विश्वनाथला ऐकवला. “कामावरची जखम असेल तर उपचार संपेपर्यंत तुला काढता येत नाही. सायकलवरची असेल तर येतं. एवढंच आहे.”

“कुसानो-सान अडचणीत येतील.”

“तुझा हात आधीच आलाय.”

दुपारी डॉक्टर कामगार खात्याच्या माणसाला घेऊन आला. त्या माणसाने खुर्ची ओढली आणि शांतपणे विचारलं, “जखम कुठे झाली?” दार उघडं होतं. बाहेर कुसानो-सान खोक्यात बांधलेलं खरबूज घेऊन उभे होते. त्यांनी विश्वनाथकडे पाहिलं आणि ते कमरेत वाकले. वाकले ते वर येईनात. डोक्यावर विरळ पांढरे केस. वडिलांच्या वयाचा माणूस.

“सांग,” मेधा मराठीत म्हणाली. “वाकू दे त्यांना. आपल्याकडे बघ.”

आपल्याकडे भीड भिकेची बहीण म्हणतात, पण म्हण ठाऊक असण्याचा उपयोग कोणाला झाल्याचं ऐकिवात नाही.

“सायकलवरून,” विश्वनाथ म्हणाला.

खात्याच्या माणसाने पुन्हा विचारलं. तेच उत्तर मिळालं. तो उठला, आणि त्यानंतरच कुसानो-सान सरळ झाले. खरबूज गोड होतं असं म्हणतात. मेधाने ते नर्सेसना देऊन टाकलं.

जहाज वेळेवर निघालं. सत्कार झाला. प्रतापने फोन केला आणि या वेळी भाऊ म्हणून नव्हे, मॅनेजर म्हणून बोलला: करार पुढे वाढणार नाही, कारण वैयक्तिक आहे, सायकलचं.

“तूच सांगितलं होतंस ना?” विश्वनाथ म्हणाला.

“मी सुचवलं होतं. सांगितलंस तू. बरं, टायपिंग होतंय का? म्हणजे कुठे शब्द टाकता येईल.”

विश्वनाथने फोन ठेवला. सहा वर्षांच्या ओवीने, त्याच्या मुलीने, त्याचा उजवा हात आपल्या हातात घेऊन बोटं एकेक मिटवून पाहिली, ती आपोआप पुन्हा उघडली, तेव्हा तिने जपानीत विचारलं, “मोडलंय?” त्याने जपानीतच हो म्हटलं.

सामान बांधून झालं त्या सकाळी डिलेनीने पाठवलेलं जाड पाकीट आलं. आत सोनेरी कडांचं प्रमाणपत्र होतं: युद्धकाळातील कर्तव्यनिष्ठेबद्दल श्री. नगरकर यांचे आरमार ऋणी आहे. पाकीट आणणाऱ्याला पोच म्हणून सही हवी होती. ती मेधाने केली.