भादरलेला हस्की

थर्मामीटर एकशे आठ दाखवत होता. मी तो पुसून पुन्हा लावला. पुन्हा एकशे आठ. कुत्र्याचं नॉर्मल तापमान एकशे एक ते एकशे दोन असतं. एकशे सहाच्या वर गेलं की आतले अवयव भाजायला लागतात. टेबलावरचं जनावर कुशीवर पडलं होतं. जीभ बाहेर, हिरड्या विटेसारख्या लाल, आणि श्वास इतका जोरात की टेबल हलत होतं. अंगावर केस नव्हते. गुलाबी कातडीवर मशीनचे पट्टे तेवढे दिसत होते.

"मॅडम, हे काय हाय नेमकं?" अंकुशने हळूच विचारलं. अंकुश माझा ड्रेसर. सरकारी दवाखान्यात वीस वर्षं माझ्याबरोबर होता, आता माझ्या या छोट्या क्लिनिकमध्येही असतो.

"हस्की आहे."

"मोबाईलमधला हस्की लांडग्यावानी दिसतो. हे तर कातरलेलं मेंढरू हाय."

इरा, अर्णव, तुम्ही गेल्या रविवारी हस्कीच्या पिल्लाचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, आजी, घेऊ का? मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. म्हणून परळीतली ही एक केस सविस्तर लिहिते आहे. माझी सगळी नोकरी गाई-म्हशींत गेली. कुत्री माझ्याकडे उशिरा आली, आणि बहुतेक वेळा उशीर झाल्यावरच आली.

एप्रिलचा शेवट होता. दुपारचे पावणेदोन वाजले होते. कुत्र्याचं नाव भोला, मालकाचं सिद्धलिंगआप्पा. आप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पाइप, पत्रे, सगळं मिळतं. त्यांनी भोलाला रिक्षातून आणला होता, ओल्या पोत्यात गुंडाळून. बरोबर बर्फाची अर्धी लादी होती.

मी आधी पोतं काढलं. ओलं पोतं थोड्याच वेळात गरम होतं आणि आतली वाफ आत कोंडून ठेवतं.

"बर्फ लावू का, मॅडम?" आप्पांनी विचारलं.

"नको. बर्फाने कातडीच्या नसा आकसतात. आतली उष्णता आतच राहते."

"मग एवढी लादी आणलीया, तिचं काय करू?"

"अंकुशला सरबत करून द्या."

नळाचं पाणी वापरता येत नव्हतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एप्रिलमध्ये दुपारी चहासारखं असतं. अंकुशने क्लिनिकमागच्या माझ्या घरातले दोन्ही माठ आणले आणि सकाळी भरून ठेवलेल्या बादल्या आणल्या. पोटावर, काखेत, पंजांवर आम्ही हळूहळू पाणी ओतत राहिलो. टेबल फॅन समोर लावला. पुढच्या पायाला सलाइन लावलं. दर पाच मिनिटांनी तापमान बघायचं. एकशे तीनच्या जवळ आलं की पाणी थांबवायचं, नाहीतर ते नको तितकं खाली घसरत जातं. हे काम अवघड नाही, कंटाळवाणं आहे. माझ्या गुडघ्यांना उभं राहणं आता जमत नाही. मी स्टूल ओढून बसले.

"आप्पा, याला भादरलं कोणी?"

"बाबूनं. आमच्या म्हशी तोच भादरतो."

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी म्हशीचे केस काढतात. त्याला भादरणं म्हणतात. म्हशीला घाम जवळजवळ येत नाही. ती पाण्यात बसून थंड होते. केस काढले की पाणी कातडीपर्यंत पोचतं, गोचीडही दिसतात. कातडी काळी आणि जाड असल्याने ऊन सोसते. म्हशीच्या बाबतीत हे शहाणपणाचंच काम आहे.

"बाबू म्हणला," आप्पा सांगू लागले, "याला उन्हाळ्यात घोंगडं पांघरून ठिवलंय व्हय? मला बी पटलं. लई हाल व्हायले होते हो त्याचे. म्हशीला मानवतंय, कुत्र्याला कावून न्हाई?"

त्यांनी हे निष्काळजीपणाने केलं नव्हतं. कळवळ्याने केलं होतं. निष्काळजी माणसावर ओरडता येतं. या माणसावर काय ओरडणार?

"आप्पा, हस्कीच्या अंगावर दोन थर असतात. वर लांब, राठ केस. आत कापसासारखी दाट लोकर. थंडीत ती ऊब आत धरते, आणि उन्हात ऊन बाहेर अडवते. तुमच्या जुन्या घराला माळवद होतं ना?"

"व्हतं की. जाड मातीचं छप्पर. मे महिन्यात बी आत गारवा असायचा."

"तुम्ही याचं माळवद पाडलंत आणि पत्रेसुद्धा टाकले नाहीत."

पत्रे विकणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागलं नाही. कालच भादरलं होतं. आज भोला गच्चीवर बांधलेला होता. अकरापर्यंत सावली होती, मग ती सरकली. पाठीवर उन्हाने फोड आले होते.

गच्चीवर का? त्याचीही एक गोष्ट आहे. हस्की ही बर्फावरून गाडी ओढत कोसकोस पळायला तयार केलेली जात. त्याला अंगणात मोकळं सोडलं तर तो उकरतो, भिंतीवरून उडी मारतो, भटकतो. समोर काही लहान पळालं की त्याच्या मागे लागतो. शेजाऱ्यांच्या दोन कोंबड्या गेल्यावर भोलाची रवानगी गच्चीवर झाली. तिथे तो एकटा पडला आणि लांबलचक रडू लागला. हस्की भुंकतो कमी, रडतो जास्त. गल्लीतले लोक म्हणायला लागले, आप्पा, हे अशुभ हाय.

हे सगळं मला आधीच सांगता आलं असतं. त्याआधी दीडेक वर्ष, डिसेंबरात, आप्पा आणि त्यांची मुलगी गौरी पिल्लू घेऊन पहिल्या लसीला आले होते. गौरीला दहावीच्या सहामाहीत चांगले मार्क पडले, म्हणून तिने मागितलं ते वडिलांनी आणून दिलं होतं. पिल्लाचे डोळे निळे होते. गौरी ते ओढणीत धरून बसली होती. मला एप्रिल दिसत होता. पण बाहेर थंडी होती, मुलगी हसत होती, आणि पाच म्हशींचे मालक रांगेत उभे होते. मी लस दिली, कार्ड भरलं आणि म्हटलं, छान आहे. तिथे सांगणं हेच डॉक्टरचं काम असतं आणि मी ते केलं नाही.

पुढच्याच जूनमध्ये, दहावी झाल्यावर, गौरी लातूरला मेडिकलच्या क्लासला गेली. कुत्रा मागे राहिला.

तापमान एकशे साडेतीनला उतरलं. भोलाने मान उचलली. आप्पांनी हात जोडले.

"इतक्यात नको," मी म्हटलं. "उष्माघातात पहिला दिवस वाचला म्हणजे वाचला असं नसतं. किडनी आणि आतडी दोन-तीन दिवसांनी बोलतात."

"मॅडम, एक विनंती हाय. गौरीला सांगू नका. तिची रविवारी टेस्ट हाय."

"मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

"टेस्ट झाल्यावर सांगतो."

मी वाद घातला नाही, भोलाला क्लिनिकमध्येच ठेवून घेतला. दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी भोलाला रक्ताची हगवण लागली. तो पाणीही नाकारू लागला. मी आप्पांना समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"आज फोन करा. उद्या सांगायला कुत्रा असेल की नाही, मला माहीत नाही."

त्यांनी फोन लावला. स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं.

"भादरलं?" गौरीने विचारलं. "आप्पा, कावून?"

"चुकलं, बाई."

"मॅडम हायत का तिथं? मॅडम, वाचंल का?"

"सांगता येत नाही. प्रयत्न चालू आहेत."

ती लगेच धावत येईल असं मला वाटलं होतं. ती आली नाही. रविवारी टेस्ट दिली, मग सोमवारी एसटीने आली, दप्तर पाठीवर तसंच. तोपर्यंत भोला उभा राहिला होता. दोन वाट्या दहीभात पोटात टिकला होता. तिला बघून त्याने रडायला सुरुवात केली आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या म्हातारबाबांची शेळी दोर तोडून पळाली. अंकुश तिच्या मागे गेला.

गौरी जमिनीवर बसली. त्याच्या पाठीवरच्या मलमाला हात न लावता कान कुरवाळत राहिली. मग मला विचारलं, "मॅडम, हे किती वर्षं जगतात?"

"बारा-तेरा. नीट सांभाळलं तर."

तिने बोटांवर मोजलं. पुढच्या वर्षी परीक्षा. मग कॉलेज, साडेपाच वर्षं. मग पुढचं शिक्षण. बोटं संपली तेव्हा ती थांबली.

"म्हंजी मी घरी येईन तवा हा म्हातारा असंल."

"बहुतेक."

"मग हा माझा कुत्रा न्हाईच. आप्पा, हा तुमचा हाय."

"माझा कसा?" आप्पा दचकले. "तुला आणला की!"

"दुपारी दोन वाजता मी कुठं असते? क्लासमधी. आई शाळेत शिकवायला. तुमीच असता इथं."

"मी दुकान बघू का कुत्रं बघू?"

"मग देऊन टाकू."

"कुणाला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी आदल्या दिवशी तीन ठिकाणी फोन केले होते. पुण्यात सोडून दिलेली कुत्री सांभाळणारी एक ओळखीची बाई आहे. ती म्हणाली, "मॅडम, हस्की सोडून काहीही सांगा." महाबळेश्वरकडच्या एका डॉक्टरांकडे आधीच दोन होते, दोन्ही उन्हाच्या गावांतून आलेले. तिसऱ्याने फोन उचलला नाही.

मी हे सांगितलं. गौरीने डोळे पुसले. ती बापावर चिडली नव्हती, हेच त्यांना जड गेलं असावं. आप्पा भोलाच्या पाठीकडे बघत होते.

"लिहून द्या, मॅडम," शेवटी ते म्हणाले. "काय काय करायचं ते एका कागदावर लिहून द्या."

मी लिहून दिलं. पहाटे पाचला पट्टा लावून एक तास पळवणे. नऊ ते सहा दुकानामागच्या गोडाऊनमध्ये, शहाबादी फरशीवर, एसी लावून. लाइट गेली तर इन्व्हर्टर. गच्ची बंद. संध्याकाळी पुन्हा एक तास. आठवड्यातून तीनदा विंचरणे. मशीन कधीही नाही.

याला दोन वर्षं झाली. भोला जिवंत आहे. केस परत यायला वर्ष लागलं, आणि पाठीवर ते अजून गोधडीच्या ठिगळासारखे आहेत. त्याचे केस आता खिळ्यांच्या खोक्यांत आणि गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत सापडतात. आप्पा पहाटे पाचला स्टेशन रोडवर दिसतात, पुढे कुत्रा, मागे ओढले जाणारे आप्पा. दोन उन्हाळे ते परगावच्या एकाही लग्नाला गेले नाहीत. त्यांच्या पत्नी एकट्याच जातात. कुणी विचारलं तर म्हणतात, "ह्यांच्या अंगावर लहान लेकरू हाय." गौरी सुट्टीत येते, चार दिवस लाड करते आणि जाते.

गेल्या महिन्यात आप्पा लसीला आले तेव्हा मी विचारलं, कसं चाललंय?

"चांगलं कुत्रं हाय, मॅडम," ते म्हणाले. मग पट्टा मनगटाला गुंडाळत म्हणाले, "पण पुन्हा न्हाई."

बाळांनो, तुमच्याकडे बर्फ पडतो, हे मला माहीत आहे. भोलाच्या नशिबी जे ऊन आलं, ते तुमच्या पिल्लाच्या नशिबी नसेल. त्यामुळे एक प्रश्न सुटला, बाकीचे तसेच आहेत. पळवणं, रडणं, उकरणं, केस, आणि बारा-तेरा वर्षं. इरा, तू तोवर पंचविशीत असशील. अर्णव, तू कुठे असशील ते तुलाही माहीत नाही, आणि हे योग्यच आहे.

कुत्रा कोणाच्या हट्टाने आणला, याला फारसा अर्थ नसतो. तो दुपारी दोन वाजता घरात असणाऱ्याचा होतो. म्हणून पिल्लाचा रंग ठरवण्याआधी मला त्या माणसाचं नाव कळवा. आधी त्याला विचारा आणि मग कळवा. एकच नाव लिहा. 'आम्ही सगळे' हे कोणाचंही नाव नसतं.